नऊच्या खाली

केळुसकरांनी अर्ज वाचलाच नाही. आधी त्यांनी समोरच्या स्क्रीनवर आकडा पाहिला आणि मगच मान वर केली.

"सत्तेचाळीस," ते म्हणाले.

"हो, सर."

"म्हणजे अजून दीड महिना आहे, डोंगरदिवे मॅडम."

संघमित्रा डोंगरदिवे उभीच होती. समोर खुर्ची होती, पण मागच्या पाचही वेळी त्या खुर्चीत बसून काही उपयोग झाला नव्हता, म्हणून या सहाव्या खेपेला ती बसली नाही.

"मला चार दिवस हवेत," ती म्हणाली. "दोन जाण्यायेण्यात जातील. दोन दिवस बाबांजवळ बसेन. एवढंच."

"आणि पडदे कोण बघणार?"

समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या त्या प्रकल्पात पाणी ज्या पातळ गाळणपडद्यांतून दाबानं ढकललं जातं, ते पडदे सांभाळणं हे संघमित्राचं काम होतं. त्या कामाचा परवाना असलेली तीन माणसं असायला हवी होती. दोनच होती, ती आणि डिमेलो. तिसरी जागा वर्षभर रिकामी होती.

"डिमेलो सलग दोन पाळ्या करायला तयार आहे. त्यानं तसं लिहून दिलंय."

"सोळा तासांना सुरक्षा विभाग हो म्हणत नाही. विचारलं मी. हे बघा, उद्या चार शहरांच्या नळांना खारं पाणी गेलं तर मी वर काय सांगू? मॅडमचे वडील आजारी होते म्हणून?"

केळुसकर तसे वाईट नव्हते. संघमित्राला न्यूमोनिया झाला होता तेव्हा आठवडाभर त्यांच्या घरून पेजेचा डबा आला होता. म्हणूनच त्यांच्यावर धड चिडताही येत नसे.

"वेळ आली की कायदा आहेच," आवाज खाली आणून ते म्हणाले. "आकडा नऊवर आला की माझ्या सहीचीसुद्धा गरज नाही. रजा आपोआप मंजूर होते. तेव्हा तुम्हाला कुणी अडवणार नाही."

त्यांनी 'नामंजूर'वर बोट ठेवलं. कारणांची यादी उघडली. त्यातलं 'अवधी शिल्लक' हे कारण त्यांनी निवडलं आणि पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. ती तो न घेताच बाहेर पडली.

हा आकडा जगात येऊन सात वर्षं झाली होती. माणसाच्या शरीरात रोज कोट्यवधी पेशी मरतात आणि मरताना आपल्या डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सोडून जातात. त्या तुकड्यांवर रासायनिक खुणा असतात; हृदयाच्या पेशींच्या वेगळ्या, यकृताच्या वेगळ्या, मूत्रपिंडाच्या वेगळ्या. त्यामुळे रक्ताचा एक थेंब तपासून कुठला अवयव किती वेगानं ढासळतो आहे ते सांगता येतं. एका प्रयोगशाळेनं हजारो दीर्घ आजारी माणसांची अशी मोजमापं रोजच्या रोज घेतली, आणि ती माणसं गेल्यावर त्यांचे आलेख शेवटच्या दिवसापासून मागे मोजत एकावर एक ठेवून पाहिले. आधीच्या काळातल्या रेषा वाटेल तशा पळत होत्या. शेवटच्या शंभर दिवसांत मात्र त्या एकमेकींजवळ सरकत आणि शेवटच्या महिन्यात तर जवळजवळ एकच रेष उरे. आजार कुठलाही असो, शरीर उतरणीला लागलं की त्याचा उतार सारखाच होता. मग दंडावर चिकटवायची रुपयाएवढी टिकली निघाली. ती रोज सकाळी सहा वाजता न दुखवता एक थेंब घेई आणि उरलेले दिवस घरच्यांच्या घड्याळावर आणि त्यांच्या कार्यालयाला कळवी. दोन-तीन दिवस इकडे किंवा तिकडे, यापलीकडे तिची चूक होत नसे.

हे शोधून काढणाऱ्या बाईंची आई गेली तेव्हा त्या विमानात होत्या. कुणीही उशिरा पोहोचू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि खरोखर, लोक वेळेवर पोहोचू लागले. दूर देशी गेलेले मुलगे आईच्या उशाशी येऊन बसू लागले. लोकांनी मागणी केली आणि 'अंतिम सोबत रजा' कायदा झाला. आई, वडील, जोडीदार, मुलं, यांच्यापैकी कुणाचा आकडा नऊ झाला की नऊ दिवसांची भरपगारी रजा, आणि ती नाकारणाऱ्या मालकाला शिक्षा. ज्या दिवशी कायदा झाला त्या दिवशी प्रकल्पाच्या कॅन्टीनमध्ये पेढे वाटले गेले होते. संघमित्रानंही दोन खाल्ले होते.

नऊच्या वरच्या दिवसांचा विचार कुणी केला नव्हता. पूर्वी "वडील सीरियस आहेत" असं कुणी सांगितलं की साहेबाला खरं-खोटं कळायला मार्ग नसे. कितीतरी लोकांनी एकच आजी तीन-तीनदा मारली होती. पण त्या न कळण्यातच थोडी दया असायची. उद्या खरंच काही झालं तर याचे तळतळाट आपल्याला लागतील, या धास्तीनं कडक साहेबसुद्धा सही करून टाकत. आता धास्तीचं कारणच उरलं नाही. आकडा समोर असे. नऊच्या वर असेल तर कुणी मरत नव्हतं, आणि कुणी मरत नसेल तर रजा कशाला हवी?

संघमित्राचे वडील, दादाराव, मेहकरला राहायचे. चौतीस वर्षं वीज मंडळात लाइनमन होते. संघमित्रा नऊ वर्षांची असतानाच त्यांची बायको गेली. तेव्हा दादारावांची विधवा बहीण कौसाबाई घरी राहायला आली, ती कायमची. संघमित्राची वेणीफणी, डबा, दहावीच्या वर्षातली जाग्रणं, सगळं या कौसाआत्यानं केलं. आता दादाराव चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. मूत्रपिंडं दोन्ही गेली होती, हृदय फुगलं होतं आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस करावं लागे. इतक्या लांबच्या प्रवासात त्यांचा जीव राहिला नसता, आणि राहिलाही असता तरी प्रकल्पाजवळ डायलिसिसची सोय नव्हती. त्यामुळे त्यांना इकडे आणणं शक्य नव्हतं.

आणि नोकरी सोडून तिकडे जाणंही शक्य नव्हतं, कारण दादारावांचं डायलिसिस चालायचं ते संघमित्राच्या कंपनीच्या विम्यावर. नोकरी गेली की त्याच दिवशी विमा संपणार. या एका गाठीपाशी येऊन तिचा सगळा विचार थांबत असे. एकेचाळीस वर्षांची, एकटी राहणारी बाई; भांडून बाहेर पडायला तिला भीती नव्हती. पण बाहेर पडणं म्हणजे बापाच्या हातातली सुई काढून घेणं होतं.

त्या संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. स्क्रीनवर दादारावांचं अर्धं कपाळ आणि मागचं कॅलेंडर दिसलं. फोन सरळ धरणं त्यांना कधी जमलं नाही.

"नाई म्हने का साहेब?"

"नाही म्हणाले."

"काऊन?"

"आकडा जास्त आहे म्हणून."

दादाराव खदखदून हसले आणि मग खोकत बसले. "माह्याच आकडा जास्त! शायेत कवाच नाई आला व माह्या आकडा जास्त." मग दम घेऊन त्यांनी विचारलं, "किती पायजे मंग त्याईले?"

"नऊ, बाबा. नऊ किंवा त्याच्या खाली."

"आन् थो आकडा कोन पाह्यते? साहेब का मशीन?"

"मशीनच. साहेबांना विचारतसुद्धा नाहीत. नऊ झाला की रजा आपोआप मंजूर."

"म्हंजे आमच्या ब्रेकरसारखं हाय. लोड आला का आपोआप पडते." "मंग साहेबाले कायले दोष देतं? जेवली का तू?"

त्यानंतर त्यांनी रजेचा विषय काढला नाही. संघमित्रालाही बरं वाटलं. तिनं मुख्य कार्यालयाला एक पत्र लिहिलं. त्याला दोन मिनिटांत उत्तर आलं: 'आपल्या भावना आम्ही समजतो. आपल्या नातेवाइकाचा अवधी शिल्लक आहे याचा आम्हाला आनंद आहे.' ते तिनं डिमेलोला दाखवलं. त्यानं वाचलं आणि मोबाइल परत दिला.

पुढच्या आठवड्यात आकडा चाळीस झाला. मग एका सकाळी छत्तीस. रोज एकानं उतरणारा आकडा असा घसरला तेव्हा तिनं फोन केला. "दवाखान्यात जाऊन आलो," दादाराव म्हणाले. "डॉक्टरीनबाई म्हने, असं होते कधी कधी." दोन दिवसांनी एकोणतीस. मग बावीस. कौसाआत्या फोनवर यायची बंद झाली. कधी अंगणात असायची, कधी शेजारी गेलेली. संघमित्रानं सातवा अर्ज केला आणि आकडा घसरतोय हे त्यात ठळक अक्षरांत लिहिलं. केळुसकरांनी या वेळी तिला बोलावून घेतलं, बसवलं आणि म्हणाले, "मॅडम, आता आठवडाभराचाच प्रश्न दिसतोय. ही चार दिवसांची दिली तर नंतरची नऊ दिवसांची लगेच कशी मागाल? माणूस कुठून आणू?" आकडा सोळा झाला तेव्हा तिनं आठवा अर्ज केला. तोही नामंजूर झाला.

गुरुवारी सकाळी ती पंपघरात दाब तपासत होती. सहा वाजून दोन मिनिटांनी मनगटावरच्या घड्याळात आकडा आला. नऊ. त्याखाली लगेच दुसरी ओळ: 'आपली अंतिम सोबत रजा मंजूर झाली आहे.' दहा मिनिटांत केळुसकर स्वतः खाली आले. कंपनीची गाडी दारात उभी होती. पहिल्या टप्प्याचं, कोल्हापूरच्या गाडीचं, तिकीटही काढून झालं होतं. "मी म्हटलं होतं ना," तिची बॅग उचलत ते म्हणाले, "वेळ आली की कुणी अडवणार नाही." त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते.

सतरा तासांचा प्रवास आणि मधल्या गाड्यांची वाट धरून ती मेहकरला पोहोचली ती शुक्रवारी सकाळी. नऊ दिवसांतला एक गेला होता.

दादाराव खाटेवर उशांना टेकून बसले होते. चेहरा सुजून गोल झाला होता. पाय इतके फुगले होते की पावलांना घोटाच दिसत नव्हता. प्रत्येक श्वासाला छातीत पाणी हलल्यासारखा आवाज येत होता. पण ती दारात दिसली आणि त्यांचं तोंड असं फुललं, की ती शाळेत पहिली आली तेव्हाही फुललं नव्हतं.

"आली! पाह्य कौसे, आली. आपोआप."

कौसाआत्या चुलीपाशी होती. तिनं वळून पाहिलं नाही.

संघमित्रा पाणी प्यायली, बापाच्या पायांवरून हात फिरवला. बोट दाबलं तिथं खळगा पडला आणि तसाच राहिला. पाण्याशीच आयुष्य गेलेली बाई ती. हे पाणी कुठलं, हे तिला कळायला वेळ लागला नाही. खिळ्याला डायलिसिसचं कार्ड लटकत होतं. शेवटचे चार चौकोन कोरे होते.

"आत्या, बाबा दवाखान्यात कधी गेले होते?"

आत्यानं पदर तोंडाला लावला. उत्तर दादारावांनी दिलं.

"मीच नाई गेलो. त्याईले सांगतलं, पोरीकडं चाललो, तिकडंच करतो. कौसीले शप्पथ घातली म्या. तिले बोलू नोको."

"बाबा, तुम्ही..."

"नऊ पायजे होता ना?" लाइन दुरुस्त करून खाली उतरल्यावर सांगावं तसं दादाराव म्हणाले. "मंग आनला."

तिनं कुणाचं काही ऐकून न घेता रिक्षा बोलावली, बापाला शेजाऱ्यांच्या मदतीनं आत बसवलं आणि दवाखाना गाठला. डायलिसिस विभागाच्या डॉक्टर आफरीन तरुण होत्या. त्यांनी दादारावांना तपासलं, रक्त घेतलं, मग संघमित्राला बाजूला नेलं.

"मला वाटलं तुमच्याकडे सुरू असेल," त्या म्हणाल्या. "मी फोन करून खात्री करायला हवी होती. या वर्षातले हे अकरावे."

"अकरावे म्हणजे?"

"कुणी इन्सुलिन बंद करतं, कुणी हृदयाच्या गोळ्या. एका आजींनी जेवण सोडलं. सगळ्यांची मुलं बाहेरगावी. आकडा सांगतो तो चालू उपचार धरून सांगतो. उपचार थांबले की आकडा पडतो, हे लोकांना आता कळलंय. बाजारात बसून एकमेकांना सांगतात." त्यांनी हातमोजे काढले. "आज मशीनवर घेतलं तर अजून जमेल. पाणी उतरेल. पंचवीस, कदाचित तीस दिवस मिळतील."

"घ्या मग."

"त्यांची सही लागेल. शुद्धीवर आहेत. त्यांनी नाही म्हटलंय." डॉक्टरांनी फाइल मिटली. "आणि आकडा वाढला तर तुमच्या रजेचं काय होतं, ते आधी विचारून घ्या."

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली उभी राहून तिनं केळुसकरांना फोन लावला.

"सर, उपचार परत सुरू केले तर बाबांचा आकडा वाढेल. तीसपर्यंत."

केळुसकर म्हणाले, "परत सुरू केले म्हणजे? थांबले होते?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अच्छा," ते म्हणाले. "मागच्या वर्षी आपल्याच प्रकल्पातल्या सावर्डेकरच्या आईचंही..." ते वाक्य त्यांनी तिथंच सोडलं. "मॅडम, आकडा वर गेला की रजा रद्द होते. चोवीस तासांत हजर व्हावं लागतं. वापरलेले दिवस वापरलेच. पुढच्या वेळी उरलेलेच मिळतात."

"तुम्ही काही करू शकत नाही?"

"आकडा माझ्या हातून जातच नाही हो. थेट वर जातो." मग अगदी हळू आवाजात, "तुम्ही मला हा फोन केलाच नाही, असं मी धरतो."

ती आत गेली. दादाराव बाकावर बसून होते, भिंतीला डोकं टेकून.

"बाबा, डॉक्टर म्हणतात, तीस दिवस मिळतील."

"आन् त्या तीस दिवसात तू कोठी राह्यशीन?"

ती त्यांच्या फुगलेल्या पायांत चप्पल बसवू लागली.

"मले माह्यत हाय कोठी राह्यशीन ते," दादाराव म्हणाले. "मी इथी मशीनवर आन् तू तिथी मशीनवर. चाल घरी. कौसीनं बेसन केलं आसन."

ती त्यांना घरी घेऊन गेली.

पुढचे दोन दिवस संघमित्राला फार चांगले गेले, आणि हेच नंतर तिच्यानं सहन होईना. तिनं बापाची नखं काढली, दाढी केली, पाठीला उशा लावून अंगणात उन्हाला बसवलं. आत्यावरचा तिचा राग एका दुपारीच ओसरला. दोघी शेंगा फोडत बसल्या. दादाराव थांबत थांबत बोलायचे. एकदा म्हणाले, "तू झाली तवा मी लोणारकडं खांबावर होतो. वादळानं सगळी लाइन आडवी झालती. तीन दिवसानं आलो घरी. मले बी सुट्टी नाई भेटली. तुह्या मायनं सहा महिने बोलून दाखवलं." मग हसून म्हणाले, "तू आलतीस तवा मी नव्हतो. आता मी चाललो तवा तू हायस. तुह्यं माह्याहून बरं हाय."

ती हसली. त्यांच्या तोंडात तिनं चमच्यानं पाणी सोडलं, मोजून, कारण पाणीही जास्त चालत नव्हतं. या दोन दिवसांत तिनं एकदाही दवाखान्याचं नाव काढलं नाही. रोज सकाळी सहाला आकडा यायचा आणि ती मनगट पालथं करून ठेवायची. त्यांनी नाही म्हटलंय, त्यांची इच्छा आहे, असं ती स्वतःला सांगत होती. ते खोटंही नव्हतं. पण हट्ट केला असता तर म्हाताऱ्यानं ऐकलं असतं, हे तिला ठाऊक होतं. जन्मभर त्यांनी तिचा कुठलाही हट्ट मोडला नव्हता. तिनं हट्ट केला नाही, कारण तो चालला असता तर तिला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं असतं. तिला बाप जवळ हवा होता, आणि तो जवळ मिळत होता तो फक्त मरताना.

रविवारी सकाळी दादारावांना धाप लागली. ओठ निळसर झाले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि त्यांच्या डोळ्यांत तिला भीती दिसली. खांबावर चढून भर पावसात तारा जोडणारा हा माणूस घाबरला होता. त्या क्षणी तिच्या मनातली सगळी गणितं कोसळली.

"आत्या, गाडी बोलव," ती ओरडली. "मी नोकरी सोडते, बाबा. सोडली. घर विकू, काय वाट्टेल ते करू, मशीनचं बघू कसंही. मी इथंच राहते. चला."

दादारावांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी मान हलवली. "हाव," ते म्हणाले. "चाल."

डॉक्टर आफरीननी रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला, दुसऱ्या दंडावर पाहिला. मग त्यांनी मशीनकडे नाही, संघमित्राकडे पाहिलं.

"आता नाही घेता येणार. मशीनवर रक्त बाहेर काढलं की दाब आणखी पडेल. हृदय तेवढं सोसणार नाही, दहा मिनिटांत जातील."

"परवा तुम्ही म्हणाला होतात..."

"परवा झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी श्वास हलका व्हावा म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी नेऊ दिलं. रिक्षात दादारावांचं डोकं तिच्या मांडीवर होतं. त्यांना ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, पण ती सारखी म्हणत होती, "मी उशीर केला, बाबा. मी उशीर केला." त्यांनी फक्त एकदा हात हलवला, माशी हाकलावी तसा.

मंगळवारी सकाळी साडेनऊला ते गेले. आकडा दोन दाखवत होता. उन्हं अंगणात आली होती, आत्या चहा गाळत होती आणि संघमित्रा त्यांच्या पायांना तेल लावत होती. पाय हातातच होते.

आळीतली माणसं जमली. त्रिशरण, पंचशील झालं. गुरुवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मंडळातले दोन म्हातारे लाइनमन आले होते. दादारावांनी विजेचा धक्का बसलेला माणूस काठीनं कसा सोडवला होता ते त्यांनी सांगितलं. त्याच दिवशी केळुसकरांचा सांत्वनाचा संदेश आला. शेवटी लिहिलं होतं, 'सावकाश या. शनिवारी सकाळची पाळी आहे.' रजेचा नववा दिवस शुक्रवार होता. कायद्यानं दिलेले नऊ दिवस अगदी बरोबर पुरले.

आता नोकरी सोडायला कुणाची आडकाठी नव्हती. विम्याची गरज संपली होती. गुरुवारी संध्याकाळी तिनं राजीनामा लिहायला घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. ज्याच्यासाठी तो लिहायचा, तो माणूस गेला होता. आणि रविवारी आपण तोंडानं जे 'सोडली' म्हटलं ते शुक्रवारीच म्हटलं असतं तर, हा एकच विचार दिवसभर तिच्या पाठीमागे फिरत होता. त्यापेक्षा पंपांचा आवाज बरा, असं तिला वाटलं.

शुक्रवारी पहाट फटफटल्यावर कौसाआत्या तिला सोडायला बसस्टँडवर आली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखत होते, तरी चालत आली. पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि सात-आठ भाकरी होत्या. दोघी बाकावर बसल्या. आत्याच्याही दंडावर टिकली होती. साठीनंतर सगळ्यांनाच लावत. तिचा आकडा अजून उतरणीला लागला नव्हता, टिकलीवर नुसती हिरवी रेघ होती. संघमित्राची नजर तिथं गेलेली आत्यानं पाहिली.

"मित्रा, एक इचारू?"

"विचार ना."

"ते नऊ दिवस... आत्यासाठी बी देतेत काय व?"

ज्या बाईनं तिला वाढवलं, तिच्यासाठी कायद्यात शब्द नव्हता. आई, वडील, जोडीदार, मुलं. यादी तिथं संपत होती.

"नाही, आत्या," ती म्हणाली. "आत्यासाठी नाही देत."

कौसाआत्यानं संघमित्राच्या गुडघ्यावर थोपटलं आणि मोठं ओझं उतरल्यासारखा श्वास सोडला.

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मंग मले तसलं काई करा नाई लागत."

गाडी लागली. संघमित्रा उठली, चढली आणि खिडकीपाशी बसली. गाडी वळेपर्यंत आत्या हात हलवत होती.